सोडवण्याच्या दोन वाटा : कार्ल फ्रीडरिश गाउस

कार्ल फ्रीडरिश गाउसच्या आईला आपल्या मुलाची जन्मतारीख सांगता येत नसे. डोरोथेआला लिहिता-वाचता फारसं येत नव्हतं. तिच्या लक्षात एवढंच राहिलं होतं की वार बुधवार होता आणि स्वर्गारोहणाच्या सणाला आठ दिवस उरले होते. आपल्याकडच्या आज्या अजूनही अशाच तारखा सांगतात : अमक्याच्या लग्नाच्या वर्षी, तमक्या सणाच्या आदल्या आठवड्यात. पण स्वर्गारोहणाचा सण दरवर्षी सरकतो, कारण तो ईस्टरवर अवलंबून आणि ईस्टर चंद्रावर. पुढे १८०० साली याच मुलानं कोणत्याही वर्षीचा ईस्टर नुसत्या भागाकारातल्या बाक्यांवरून काढायची रीत छापली. त्या रीतीनं १७७७ चा ईस्टर ३० मार्चला येतो, स्वर्गारोहण ८ मेला, आणि आठ दिवस मागे गेलं की ३० एप्रिल, बुधवार. आईची आठवण बरोबर निघाली.

मराठी वाङ्मय मंडळाच्या अंकात गणितज्ञाचं चरित्र कशाला, असं तुम्ही विचाराल. मी साहित्याची विद्यार्थिनी, बारावीनंतर गणिताशी माझा संबंध संपला. पण माझा दादा अँटेनाची रचना करतो, म्हणजे अँटेना प्रत्यक्ष बनवण्याआधी ती संगणकावर चालवून बघतो. त्याच्या तोंडी सारखा एक शब्द असतो : सॉल्व्हर. हा सॉल्व्हर घेतला तर मेमरी पुरत नाही, तो घेतला तर उत्तर स्थिरच होत नाही. मी त्याला विचारलं, हे दोन सॉल्व्हर काढले कुणी? तो म्हणाला, शोधत मागे गेलीस तर दोन्हीकडे गाउसच भेटेल. एकाच माणसानं एकाच कामाच्या दोन उलट्या वाटा का चालाव्यात, हे मला कथेसारखं वाटलं, म्हणून वाचत गेले.

जर्मनीतलं ब्राउनश्वाइग हे त्याचं गाव. बाप मजुरीची, बागकामाची, गवंड्याची कामं करणारा. शाळेत मास्तरांनी १ ते १०० ची बेरीज घातली आणि पोरानं क्षणात ५०५० लिहून पाटी ठेवली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. ती खरी किती आणि सजवलेली किती, यावर वाद आहेत. पण त्यातला मुद्दा पुढे आयुष्यभर टिकला : आकडेमोड करायच्या आधी, ती कमी कशी करता येईल ते बघायचं. १ आणि १००, २ आणि ९९ अशा ५० जोड्या, प्रत्येकीची बेरीज १०१. शंभर पायऱ्यांचं काम एका गुणाकारावर आलं.

ब्राउनश्वाइगच्या ड्यूकनं त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलला. १७९५ ते १७९८ तो ग्योटिंगेनला शिकला. १७९६ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पट्टी आणि कंपासानं सतरा बाजूंची सम आकृती काढता येते हे त्यानं सिद्ध केलं. १८०१ साली त्याचा अंकशास्त्रावरचा मोठा ग्रंथ आला. पण युरोपभर नाव झालं ते एका हरवलेल्या ग्रहामुळे.

१ जानेवारी १८०१ च्या रात्री सिसिलीतल्या पालेर्मो शहरात जुझेप्पे पियात्सी या कॅथलिक धर्मगुरूला आकाशात एक सरकणारा ठिपका दिसला. पियात्सी थिएटाइन संघाचा, तिथल्या वेधशाळेचा प्रमुख. ११ फेब्रुवारीपर्यंत त्यानं त्या ठिपक्याचा माग काढला, मग तो सूर्याच्या उजेडात गेला. त्याचं नाव सीरीस. आता तो परत कुठे उगवणार, हे कुणालाच सांगता येईना, कारण कक्षेचा अगदी छोटा तुकडाच हाती होता. चोवीस वर्षांच्या गाउसनं त्या थोड्या नोंदींवरून कक्षा काढली आणि वर्ष संपता संपता सीरीस त्यानं सांगितलं होतं त्याच्या आसपासच सापडला.

यानंतर त्याच्या आयुष्यात एक प्रश्न कायमचा शिरला. वेध घेताना थोडी चूक होतेच. म्हणून शहाणा माणूस गरजेपेक्षा जास्त वेध घेतो. पण मग समीकरणं जास्त आणि अज्ञात कमी, आणि सगळी समीकरणं एकाच वेळी खरी होऊ शकत नाहीत. चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी येईल असं उत्तर घ्यायचं, हा त्यावरचा तोडगा. फ्रान्सच्या लजांद्रनं तो १८०५ मध्ये छापला. गाउसनं १८०९ मध्ये छापला आणि आपण तो १७९५ पासून वापरतोय असं म्हटलं, त्यावरून कडवटपणाही आला. ते भांडण बाजूला ठेवू. त्या तोडग्यातून शेवटी जितके अज्ञात तितकी समीकरणं हाती येतात, आणि ती कुणीतरी बसून सोडवावी लागतात. गाउसच्या बाबतीत तो कुणीतरी म्हणजे स्वतः गाउसच.

१८०६ मध्ये नेपोलियनच्या सैन्याशी लढताना ड्यूक जखमी झाला आणि वारला. आश्रय गेला. १८०७ मध्ये गाउस ग्योटिंगेनला प्राध्यापक आणि वेधशाळेचा प्रमुख म्हणून गेला. ऑक्टोबर १८०९ मध्ये त्याची बायको योहाना बाळंतपणानंतर गेली. काही महिन्यांत ते बाळही गेलं. तो पुरता खचला. तरी १८१० मध्ये त्यानं पॅलस या लघुग्रहाच्या कक्षेवरचं काम पुरं केलं. त्यात अज्ञात होते सहा. आणि ते सोडवायची त्यानं जी शिस्तशीर मांडणी केली, तीच पहिली वाट.

ही वाट आपण शाळेत चाललोय. पहिल्या समीकरणाच्या मदतीनं बाकी सगळ्यांतून पहिला अज्ञात काढून टाकायचा. मग दुसऱ्याच्या मदतीनं दुसरा. शेवटी एकच अज्ञात उरतो, तो मिळाला की मागे मागे येत सगळे मिळतात. ही कल्पना चीनच्या प्राचीन ग्रंथातही आहे, गाउसच्या नावानं ती विसाव्या शतकात ओळखली जाऊ लागली. गाउसचं श्रेय शिस्तीचं : कुठला आकडा कुठे लिहायचा, काय पुन्हा काढायचं नाही, हे त्यानं पक्कं केलं. या वाटेला आज डायरेक्ट सॉल्व्हर म्हणतात. किती पायऱ्यांत संपणार हे आधीच माहीत असतं आणि शेवटी उत्तर मिळतंच. दोष एकच : अज्ञात दुप्पट झाले की काम दुप्पट नाही, जवळपास आठपट होतं. सहा अज्ञातांचे साठ झाले तर हजारपट.

आणि ते साठ होण्याची वेळ लवकरच आली. १८२० मध्ये हॅनोव्हर राज्याची मोजणी करायचं काम गाउसकडे आलं. हॅनोव्हरचा राजा म्हणजे इंग्लंडचा चौथा जॉर्ज, दोन्ही गाद्या एकाच्याच. डोंगरमाथ्यांवर, चर्चच्या मनोऱ्यांवर उभं राहून दूरदूरच्या ठिकाणांमधले कोन मोजायचे आणि सगळ्या प्रदेशावर त्रिकोणांचं जाळं टाकायचं. त्याच काळात आपल्याकडेही असंच जाळं दक्षिणेतून वर सरकत होतं. ते सुरू करणारा विल्यम लॅम्बटन, काम चालू असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला वारला. तिथे त्याची कबर आहे.

गाउस तेव्हा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला. उन्हाळ्यात तो झाडीतून, दलदलीतून फिरायचा, गाडी उलटून पडायचा, खानावळीत मुक्काम करायचा. सूर्याचा कवडसा आरशानं नेमका दूरच्या डोंगरावर पाडणारं हेलिओट्रोप नावाचं यंत्र त्यानं १८२१ मध्ये बनवलं. ब्रोकन, होहेनहागेन आणि इन्सेल्सबेर्ग या तीन डोंगरांमधल्या त्याच्या त्रिकोणाची सर्वांत लांब बाजू शंभर किलोमीटरच्या वर होती. दिवसा मोजणी, रात्री आकडेमोड. युरोपातला पहिल्या नंबरचा गणितज्ञ कारकुनी करतोय, असं त्याच्या मित्रांनाही वाटायचं. आणि समीकरणं होती ढीगभर. जाळ्यातल्या प्रत्येक कोनाची चूक दुसऱ्या कोनांशी बांधलेली.

१८२३ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला, क्रिस्तियान लुडविग गेर्लिंगला, पत्र लिहिलं. गेर्लिंगही शेजारच्या राज्यात मोजणीचंच काम करत होता. पत्रात चार दिशांच्या मोजमापाचं छोटं उदाहरण घेऊन गाउसनं दुसरी वाट दाखवली : अज्ञात काढून टाकत बसूच नकोस. आधी अंदाज धर. कुठल्या समीकरणात सर्वांत जास्त तफावत पडतेय ते बघ, तिथला अज्ञात तेवढा दुरुस्त कर. मग पुन्हा बघ. तफावत हळूहळू विरून जाते. त्याला ही रीत इतकी आवडली होती की दोनापेक्षा जास्त अज्ञात असले तर मागची रीत आता बहुधा नकोच, असं त्यानं कळवलं. अर्धवट झोपेतही हे जमतं आणि हात आकडे फिरवत असताना डोकं दुसरा विचार करू शकतं, हेही सांगितलं. दिवसभर डोंगर चढून आलेल्या माणसाची ही शिफारस आहे, हे विसरू नका.

मला हे कळलं ते वही आणि पेनावरून. समजा १० वह्या आणि १ पेन मिळून २१० रुपये झाले, आणि १ वही आणि १० पेनांचे १२० रुपये. पेन फुकट आहे असं धरा. पहिल्या बिलावरून वही २१ रुपये. ती किंमत दुसऱ्या बिलात घाला : पेन ९.९० रुपये. ते पुन्हा पहिल्यात : वही २०.०१. पुन्हा दुसऱ्यात : पेन ९.९९९. दोन फेऱ्यांत कळतं की वही २० ची आणि पेन १० चं. मध्ये एखादी बेरीज चुकली तरी बिघडत नाही, पुढची फेरी ती चूक खाऊन टाकते. पहिल्या वाटेवर तीच चूक शेवटपर्यंत सोबत येते.

पण याच बिलांचा क्रम उलटा करा. १ वही आणि १० पेनांच्या बिलावरून वहीची किंमत काढा : पेन फुकट, तर वही १२० रुपये. ती दुसऱ्या बिलात घातली तर पेन उणे ९९० रुपये! पुढच्या फेरीत वही १०,०२० रुपयांची. उत्तर जवळ यायचं सोडून पळत सुटलं. बिलं तीच, दुकान तेच. म्हणजे ही वाट सोपी खरी, पण सगळीकडे नेतेच असं नाही. गाउसच्या मोजणीच्या समीकरणांची घडणच अशी होती की तफावत विरतच जायची. ही वाट आज इटरेटिव्ह सॉल्व्हरच्या कुळात मोडते. तिच्या एका ठराविक क्रमानं फिरणाऱ्या रूपावर फिलिप लुडविग फॉन झायडेलनं १८७४ मध्ये लिहिलं, म्हणून पुस्तकात गाउस–झायडेल असं जोडनाव येतं.

१८३० मध्ये गाउसचा मुलगा ऑयगेन बापाशी भांडून अमेरिकेला निघून गेला. १८३१ मध्ये दुसरी बायको मिना दीर्घ आजारानंतर वारली. म्हातारी डोरोथेआ १८१७ पासून त्याच्याजवळच राहायला आली होती. शेवटची चार वर्षं तिला दिसत नव्हतं, १८३९ मध्ये ती गेली. या उदास वर्षांत त्याला एक सोबती मिळाला, सत्तावीस वर्षांचा विल्हेल्म वेबर, ग्योटिंगेनला नव्यानं आलेला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. १८३३ मध्ये दोघांनी गावातल्या छपरांवरून सुमारे एक किलोमीटर तार ओढून वेधशाळा आणि प्रयोगशाळा यांच्यात विजेनं निरोप पाठवले. १८३९ मध्ये गाउसनं पृथ्वीच्या चुंबकत्वाचा सिद्धांत मांडला आणि जगभरच्या नोंदींवरून त्यातले २४ सहगुणक काढले. पुन्हा अज्ञात, पुन्हा समीकरणं, पण आता विषय वीज आणि चुंबक. चुंबकीय क्षेत्राच्या एका एककाला त्याचं नाव आहे. बंद पृष्ठभागातून किती विद्युतक्षेत्र बाहेर पडतं ते आतल्या विद्युतभारावरून सांगणारा गाउसचा नियम, पुढे मॅक्सवेलच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या चार समीकरणांत जाऊन बसला.

आणि दादाचा संगणक रात्रभर जे करतो, ते हीच चार समीकरणं सोडवणं. त्यानं मला सांगितलं ते असं. अँटेनाचा किंवा विमानाचा पृष्ठभाग लहान लहान ठिकऱ्यांत वाटायचा, तरंगलांबीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढ्या. प्रत्येक ठिकरीवर किती प्रवाह वाहतो हा एक अज्ञात. एक ठिकरी बाकी सगळ्यांवर परिणाम करते, म्हणून प्रत्येक समीकरणात सगळे अज्ञात. एक लाख ठिकऱ्या झाल्या तर तक्त्यात एक हजार कोटी आकडे. एका आकड्याला १६ बाइट धरले तर नुसता तक्ता ठेवायलाच १६० गिगाबाइट मेमरी. पहिल्या वाटेनं गेलं तर सुमारे ३३३ लाख कोटी गुणाकार. दुसऱ्या वाटेनं एक फेरी एक हजार कोटींची, ५०० फेऱ्यांत उत्तर आलं तर पाच लाख कोटी. साठपटीहून जास्त बचत.

मग प्रश्नच मिटला, नाही का? दादा हसला. म्हणाला, आता समज मला एकच नाही, ३६० दिशांकडून रडार मारून बघायचंय. दुसऱ्या वाटेनं प्रत्येक दिशेला पुन्हा ५०० फेऱ्या, म्हणजे १,८०० लाख कोटी. पहिल्या वाटेनं तक्ता एकदाच फोडायचा, तो खर्च ३३३ लाख कोटी, मग प्रत्येक दिशेला फक्त एका फेरीएवढं काम. आता पहिली वाट पाचपटीनं स्वस्त. मेमरी पुरली पाहिजे, एवढंच. शिवाय लाटांची समीकरणं मोजणीच्या समीकरणांसारखी गुणी नसतात. पोकळ वस्तूत लाट घुमत राहिली की ती उलट्या बिलांसारखी वागतात, फेऱ्या संपतच नाहीत. अशा ठिकाणी गाउसची साधी रीत चालत नाही. तिचे हुशार वारस वापरावे लागतात, आणि आधी समीकरणांची मांडणी सुधारून घ्यावी लागते. त्याला प्रीकंडिशनर म्हणतात : बिलं सुलट क्रमानं लावणं, तसंच काहीसं.

म्हणजे चांगला सॉल्व्हर कोणता, या प्रश्नाला उत्तर नाही. अज्ञात किती, मेमरी किती, एकच प्रश्न किती वेळा विचारायचाय, समीकरणं कशी वागतात, हे कळल्याशिवाय निवड होत नाही. गाउसनं सहा अज्ञातांच्या वेळी एक वाट धरली आणि मोजणीच्या ढिगाऱ्यात दुसरी. त्याला कुठल्याच वाटेचा अभिमान नव्हता. त्याच्याकडे एकच मेंदू, एकच हात आणि मेणबत्तीएवढी रात्र होती, त्यामुळे कामाचा हिशेब त्याला आधी करावा लागे. आज यंत्र आपल्यासाठी राबतं म्हणून तो हिशेब आपण विसरतो आणि मग म्हणतो, मोठा संगणक हवा.

एक गोष्ट मात्र मला त्याच्याविषयी बोचते. सुमारे १८०५ साली, लघुग्रहांच्या कक्षांचं काम करताना, त्यानं आणखी एक युक्ती काढली होती. पॅलसच्या बारा नोंदींतून तरंग वेगळे करायचे होते. त्यानं बाराचे गट पाडले, तीन आणि चारचे, आणि प्रत्येक गटाचं काम वेगळं करून मग जोडलं. बेरीज-गुणाकार एकदम कमी झाले. ही युक्ती १९६५ मध्ये अमेरिकेत कूली आणि ट्युकी यांनी नव्यानं शोधली आणि फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म या नावानं जग बदललं. ठिकऱ्या ओळीनं, सारख्या अंतरावर मांडता आल्या तर हीच युक्ती दुसऱ्या वाटेची प्रत्येक फेरीही कितीतरी हलकी करते, तो हजार कोटींचा तक्ता पुरा लिहावाही लागत नाही. गाउसनं मात्र ती छापलीच नाही. लॅटिनमधलं ते टिपण त्याच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, समग्र लेखनात आलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. १९६५ नंतर इतिहास धुंडाळणाऱ्यांना ते सापडलं. फळ थोडंच द्यावं, पण पिकलेलं द्यावं, असं त्याचं ब्रीद होतं. गेर्लिंगला दाखवलेली वाटही एका खाजगी पत्रातच राहिली होती. आपल्या मंडळात कितीजणांच्या वह्यांत अशी अर्धी पिकलेली पानं असतील, कोण जाणे. ती कुणाच्या तरी कामाची असू शकतात, एवढं तरी यातून आपण घ्यावं.

साठीच्या आसपास तो रशियन शिकला. जून १८५४ मध्ये, अगदी थकलेला असताना, रीमानचं भूमितीवरचं व्याख्यान ऐकायला गेला आणि खूश झाला. २३ फेब्रुवारी १८५५ रोजी ग्योटिंगेनला त्याचा मृत्यू झाला. मॅक्सवेलनं आपली समीकरणं एकत्र मांडली ती त्यानंतर दहा वर्षांनी, १८६५ च्या सुमारास. ती एक लाख अज्ञातांसह सोडवणारं यंत्र यायला आणखी शंभराहून जास्त वर्षं होती. त्या यंत्रासमोर बसलेल्या माणसानं पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे मात्र गाउस नाताळच्या सुट्टीत लिहिलेल्या त्या पत्रात सांगून गेला होता : आकडे मांडण्याआधी, हे काम मुळात किती आहे?